कावळा उडाला तर कविता

टोपणदास मास्तर पहिल्यांदा आमच्या वाडीत आले, ते बूट घालून थेट पानवेलीत शिरले. आमच्या आगाशी गावात लहान मूलसुद्धा असं करत नाही. पानमळा आमच्याकडे देवघरासारखा. पायातलं बाहेर काढून आत जायचं. आई बावखलाच्या काठावर हंडा घासत होती. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. तिथूनच ती ओरडली, "अहो, काढा ते."

मास्तरांना तेव्हा मराठी येत नव्हतं. काहीतरी काढायचं आहे एवढं त्यांना कळलं. त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढली. आई आणखी ओरडली, तसा त्यांनी कोट काढला. आई हंडा टाकून धावत गेली तेव्हा त्यांचा हात चष्म्यापर्यंत पोचला होता. तिने बुटांकडे बोट दाखवलं. त्यांनी बूट काढले, छातीशी धरले आणि पानवेलीला वाकून नमस्कार केला. आईचा राग तिथेच उतरला.

मी केळीच्या खुंटाआड उभी राहून हे पाहत होते. तेव्हा माझी चौथी होऊन शाळा सुटली होती आणि कुणी परका आला की मी कशाच्या तरी आड जाऊन उभी राहायचे.

फाळणीनंतर काही सिंधी कुटुंबं आमच्या बाजारामागच्या रिकाम्या वखारीत राहायला आली होती. कुणाला कल्याणच्या छावणीत जागा मिळाली नव्हती, कुणाला तिथली गर्दी सोसवली नव्हती. गोणपाटाचे पडदे लावून एकेका वखारीत चार चार बिऱ्हाडं राहायची. मास्तर त्यांच्यातलेच, एकटे. त्यांची बायको पूर्वीच गेली होती आणि मूल नव्हतं. तिकडे ते शाळेत मास्तर होते, म्हणून इकडे आल्यावरही त्यांनी वखारीतली मुलं गोळा केली आणि सिंधी वर्ग सुरू केला. पण वखारीत एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात बाळंतीण, तिसऱ्यात पापड लाटणाऱ्या बायका. बायकांनी मास्तरांना लाटणं दाखवून बाहेर काढलं. म्हणून ते सावली शोधत फिरत होते.

बाबांनी त्यांना विचारलं, "कुठले?"

"सिंध."

"म्हणजे कराचीकडचे. आमचं पान कराचीपर्यंत जायचं. कसं लागायचं?"

मास्तर पान खात नसत. हे आम्हाला पुढे कळलं. पण तेव्हा त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात हृदयावर ठेवले आणि मान अशी काही डोलावली की बाबा खूश झाले. आंब्याखालची जागा त्या मानेवर मिळाली.

"भाडं नाय घेत," बाबा हातवारे करत म्हणाले. "पण एक काम करायचं. कावळे हाकलायचे."

वाडीत तेव्हा सुकेळीचे दिवस होते. राजेळी केळी पिकवून, सोलून, बांबूच्या मांडवावर उन्हात घालायची, ती आठ-दहा दिवस, एक खेप उतरली की दुसरी. केळं हळूहळू आक्रसतं, तांबूस होतं, मधासारखं चिकट होतं. मग वाळक्या पानात करकचून बांधायचं. या मोसमात सगळ्या आगाशीचे कावळे आमचे सोयरे होतात. अर्नाळ्याच्या कोळ्यांकडून आणलेलं एक जुनं जाळं होतं, पण ते अर्ध्याच मांडवाला पुरायचं. उरलेल्या अर्ध्याला माणूस लागायचं. आतापर्यंत ते माणूस मी होते. माझा आवाज इतका लहान की कावळे मला ओळखीची समजायचे.

दुसऱ्या दिवसापासून आंब्याखाली तेरा मुलं बसू लागली. हातात पाट्या, कारण वह्या कुणाकडेच नव्हत्या. मी मांडवाच्या पलीकडे सुकेळी बांधत बसायचे. त्यांची अक्षरं उजवीकडून डावीकडे पळायची. पहिले चार दिवस मला वाटलं, मास्तर त्यांना उलटं लिहायची शिक्षा देतायत.

मास्तर धड्यांपेक्षा कविता जास्त करून घ्यायचे. पुस्तकं तिकडेच राहिली, मग वाचायचं काय, आपणच लिहा, असा हिशोब. प्रत्येक मुलाने पाटीवर कविता लिहायची आणि मांडवापाशी उभं राहून म्हणायची. कुठल्याही कवितेची शेवटची ओळ ठरलेली: "वञ, कांव, वञ." म्हणजे जा कावळ्या, जा. ही ओळ बाबांचं भाडं. बाकीची कविता मुलाची स्वतःची.

आणि गुण द्यायचे कावळे. कविता म्हणताना कावळा उडाला तर पास. नुसतीच मान वाकडी करून ऐकत बसला तर मास्तर म्हणायचे, "याला काही वाटलं नाही. पुन्हा लिही." पास झालेल्याला एक भाजलेला पापड. पापड मास्तर खिशातून काढायचे. तो अख्खा कसा राहायचा हे आम्हाला कधीच कळलं नाही. एकदा कावळा कविता सुरू व्हायच्या आधीच उडाला, तर त्या मुलाने पापड मागितला. मास्तर म्हणाले, "तो तुझं तोंड बघून उडाला. तोंड तू लिहिलं नाहीस."

मराठी ते आईकडून आणि वखारीवर मासे घेऊन येणाऱ्या कोळणींकडून शिकले. पुरुषांशी त्यांचा फारसा संबंध नसायचा, त्यामुळे ते स्वतःबद्दल बाईसारखं बोलायचे. "मी आली," "मी जेवली," "मी काल फार दमली." उंच, मिशीवाले, काळा कोट घातलेले मास्तर असं बोलले की वाडीतले गडी तोंडात धोतराचा सोगा कोंबायचे. एकदा बाबांनी त्यांना नीट समजावलं. मास्तरांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "समजली."

मुलांना त्यांनी एकच गोष्ट बंद केली होती. नदी.

पहिल्या आठवड्यात तेराच्या तेरा पाट्यांवर नदीच होती. कुणाची नदी रडत होती, कुणाची बोलावत होती, कुणाची आईसारखी होती. मास्तरांनी सगळ्या पाट्या ओल्या फडक्याने पुसल्या. "नदी सामानात आणता आली नाही ना? मग पाटीवर कशाला आणता? जे आणलं त्याच्यावर लिहा."

मग मुलांनी आणलेल्या गोष्टी लिहिल्या. एकाने काकाचं घोरणं लिहिलं, ते बोटीतसुद्धा थांबलं नव्हतं. एकाने आईच्या कानातलं एकच डूल लिहिलं आणि दुसरं कुणाच्या कानात असेल यावर पाच ओळी केल्या. एकाने घरचा पोपट लिहिला. तो आणता आला नव्हता, पण त्याच्या शिव्या आणल्या होत्या. ती कविता म्हटल्यावर चार कावळे एकदम उडाले आणि वखारीतली एक म्हातारी काठी घेऊन आली.

हे सगळं मला कसं कळलं, तर मोहिनीमुळे. ती नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, नाक सतत वर. मराठी तिला सगळ्यांच्या आधी आलं. बांधताना तुटलेली सुकेळी मी तिला द्यायचे आणि ती मला कवितांचा अर्थ सांगायची. एका तुकड्याला एक कविता. पुढे पुढे मला अर्थ आपोआप कळायला लागला, पण तिला सांगितलं नाही. तिला सुकेळं आवडायचं.

मोहिनी आणि मास्तर यांचं युद्ध चालू होतं. तिला नदीशिवाय काही लिहायचं नव्हतं. एके दिवशी तिने "ज्यात मासे राहतात ती लांब गोष्ट" अशी कविता केली. मास्तरांनी पापड दिला नाही. तिने "पूल कशावर असतो" अशी कविता केली. पापड नाही. मास्तर म्हणाले, "हे बावखल आहे समोर, त्याच्यावर लिही." तिने लिहिलं, की हे पाणी चांगलं आहे पण याला कुठे जायचंच नाही, बसून असतं, मास्तरांसारखं.

मास्तरांनी चष्मा पुसला, पण पापड दिला नाही.

मग एका दुपारी ती मांडवापाशी आली. पाटी तिने पाठीमागे धरली होती. समोर एक जाडा कावळा बसला होता, आम्ही त्याला मामलेदार म्हणायचो. तो कुणाच्याच कवितेला उडत नसे. मोहिनीने म्हटलं:

आमच्या गावात एक पाणी होतं.
त्याचं नाव मास्तरांनी बंद केलंय.
मी नाव घेत नाही.
तुम्हीच ओळखा.
वञ, कांव, वञ.

सिंधीत ती यमकाला यमक जुळवून होती, मला मराठीत तशी करता येत नाही. मामलेदार उडाला. आम्ही सगळे मास्तरांकडे बघत राहिलो. मास्तर उठले, खिशात हात घातला आणि दोन पापड काढले. मग तोंड फिरवून बावखलाकडे गेले, चूळ भरली, तोंड धुतलं, परत आले आणि म्हणाले, "नदी अजून बंदच आहे."

अशी सगळी गंमत चालू असताना डिपोटीसाहेबांचा निरोप आला. शाळा तपासणाऱ्या साहेबांना आमच्याकडे डिपोटी म्हणत. सिंधी वर्ग चालवायचा तर निदान वीस मुलं पाहिजेत, कमी असली तर मुलांना मराठी शाळेत घालावं आणि वर्ग बंद करावा. आठ दिवसांनी पाहणी.

मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा बाबांसमोर खाटेवर नुसते बसून राहिले. बाबा म्हणाले, "जाऊ द्या की मास्तर. मराठी शिकली तर पोरांचं भलंच होईल."

"शिकतातच," मास्तर म्हणाले. "मोहिनी माझ्यापेक्षा चांगली बोलते. पण वर्ग मोडला तर दोन वर्षांनी ही मुलं माझ्याशी मराठीत भांडतील. बाजारात कुठल्याही भाषेत बोलावं. भांडण घरच्या भाषेत पाहिजे. नाहीतर मी म्हातारी झाल्यावर मला शिव्या पण कळणार नाहीत."

बाबा हसले नाहीत. हसले ते फक्त डोळे.

उपाय आईने काढला. ती चुलीपुढून म्हणाली, "तेरा आहेत ना? सात आमची घ्या. नाहीतरी वाडीतली पोरं दिवसभर तुमचंच वञवञ करत हिंडतात."

खोटं नव्हतं. आजूबाजूच्या वाड्यांतल्या मुलांना त्या कविता पाठ झाल्या होत्या. गुरं वळवायलाही ती हीच ओळ म्हणायची आणि गुरं वळायची. सहा मुलं लगेच मिळाली. सातवी म्हणून आईने माझ्याकडे बघितलं. मी केळीच्या टांगलेल्या घडाच्या, लोंगराच्या आड गेले. मास्तर लोंगरापाशी आले आणि लोंगराशीच बोलले. "धीअ, तू फक्त मागे बस. मोजायला. बोलायचं नाही." धीअ म्हणजे लेक.

पाहणीच्या दिवशी बाबांनी अर्नाळ्याहून दुसरं जाळं मागून आणलं. साहेबांसमोर कावळ्यांचा गोंधळ नको म्हणून अख्खा मांडव झाकला. आम्हाला धुतलेले कपडे घातले. मोहिनीने माझे केस तिच्यासारखे ओढून बांधले, त्यामुळे माझ्या भुवया वर गेल्या आणि मी सबंध वेळ आश्चर्य वाटल्यासारखी दिसत होते.

डिपोटीसाहेब बुटके, घामाघूम, छत्री घेतलेले. पण पानमळ्याच्या कडेने येताना त्यांनी न सांगता चपला काढल्या, म्हणजे याच बाजूचे. मास्तरांनी त्यांना पाणी आणि पापड दिला. सिंधी माणसाकडे पाहुण्याला आधी हेच. साहेबांनी पापड हातात धरून डोकी मोजली. वीस. पुन्हा मोजली. वीस. मग त्यांनी वाडीतल्या मुलांच्या कानांकडे, हाता-पायांकडे बघितलं. चिखलात काम करणाऱ्याचे पाय वेगळे दिसतात. त्यांनी छत्री उचलली आणि शेवटच्या ओळीत माझ्याकडे रोखली.

"तू. उठ. काय शिकलीस ते म्हण."

मी उठले. तोंड उघडेना. समोर माझेच पाय दिसत होते. बाबा खोकले, आई दारात थबकली. माझ्यामुळे वर्ग मोडतोय हे मला स्वच्छ कळत होतं, आणि त्यामुळे मान आणखी खाली जात होती.

मास्तरांनी मला धीर दिला नाही. ते पाठीमागे हात बांधून मांडवाकडे गेले आणि झाडाबिडाकडे बघितल्यासारखं करत उभे राहिले. थोड्या वेळाने मी डोळे वर केले, तर मांडवाच्या कोपऱ्यावरचं जाळं बाजूला सरलेलं आणि उघड्या केळ्यांवर मामलेदार चोच पुसत बसलेला.

मग काय झालं ते मला आठवत नाही, लोकांनी सांगितलं ते असं. मी साहेबांच्या छत्रीला धक्का देऊन पुढे गेले आणि मोहिनीची कविता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत अशा आवाजात म्हटली की बैलाने रहाट ओढणं थांबवलं. शेवटच्या ओळीला बाकीचे एकोणीस जणही सवयीने ओरडले. मामलेदार उडाला आणि साहेबांच्या हातातला पापड खाली पडला.

साहेबांनी विचारलं, "अर्थ काय याचा?"

ओरडायला उघडलेलं तोंड अजून मिटलं नव्हतं. मी अर्थ सांगितला, तोही मराठीत, आमच्या वाडीतल्या मराठीत. ते ऐकून साहेबांना काही शंका उरली नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "ही मुलगी सिंधी नाही. पुढचा तो नाही, तो नाही, तोही नाही. तुम्ही मला फसवत होता."

"हो साहेब," मास्तर म्हणाले. "पण नीट जमलं नाही, म्हणून आता खरं सांगते. तेरा आमची, सात यांची. तुमच्या कागदात वीस मुलं सिंधी शिकली पाहिजेत असं आहे. शिकली की नाही ते तुम्ही ऐकलं. वीस आया सिंधी पाहिजेत असं कुठे आहे ते दाखवा, मी आत्ता वर्ग उठवते."

साहेबांनी कागद काढून खरोखर वाचला. दोनदा वाचला. मग ते एकदम एवढे हसायला लागले की त्यांना खाटेवर बसवावं लागलं. आम्हाला वाटलं, मास्तरांच्या युक्तीवर हसतायत. पण श्वास मिळाल्यावर त्यांनी बाबांना विचारलं, "हे मघापासून सांगते, उठवते काय बोलतायत?"

त्यांनी वही काढून लिहिलं: वर्ग एक वर्ष चालू ठेवावा. आईने त्यांना सुकेळीचा एक पुडा दिला. तो त्यांनी नको नको म्हणत घेतला.

वर्ष मिळालं आणि तेवढंच मिळालं. पुढच्या मोसमात कल्याणला जागा वाटल्या गेल्या. कुणाला खोली, कुणाला दुकानाचा गाळा. वखार एका आठवड्यात रिकामी झाली. जाताना मास्तरांनी पानवेलीला नमस्कार केला, तेव्हा बूट आधीच काढून हातात घेतले होते. मोहिनीने मला तिची पाटी दिली. पाटी कोरी होती. रोज पुसायची सवय, त्या दिवशीही पुसलेलीच दिली.

पुढे माझं लग्न होऊन मी बोळींजला गेले. तिथेही वाडी, तिथेही मांडव, तिथेही कावळे. सासरच्यांना वाटायचं की मी कसले तरी मंत्र म्हणते. सासूबाई एकदा शेजारणीला म्हणाल्या, "बोलत नाही कुणाशी, पण कावळ्यांवर भारी हाय." मी तसंच वाटू दिलं.

मास्तर कल्याणला गेल्यावर आठ-नऊ वर्षांनी मी सुकेळीच्या मोसमात माहेरी आले होते. बाबांचे गुडघे दुखायचे, म्हणून मांडवावर मीच. दुपारी कुणी नव्हतं. मी मोहिनीची कविता म्हणत एक कावळा हाकलला, दुसऱ्याला पोपटाची म्हटली, तिसऱ्याला एका डुलाची. चौथ्या वेळी कुंपणापाशी कुणीतरी उभं दिसलं. काळा कोट, काळी टोपी. मिशी पांढरी झाली होती. बूट हातात होते.

चौथी कविता अर्ध्यावरच राहिली.

"मी केव्हाची उभी आहे," मास्तर म्हणाले.

आत येऊन ते आंब्याखाली बसले. कल्याणला वर्ग दोन वर्षं चालला, मग मुलं दुकानांवर बसली, काही इंग्रजी शाळेत गेली. ते आता एका दुकानात पत्रं लिहायचं काम करत होते. मोहिनीचं लग्न ठरलं होतं. "तिला म्हटलं, तुझी ती कविता लिहून दे, मी जपून ठेवते. तिला आठवत नाही. दोन पापड मिळाले एवढं आठवतं." त्यांनी बोटाने चष्मा वर सरकवला. "माझ्या पण डोक्यात नाही. तेरा मुलं, रोज एक कविता, आणि रोज मी पाटी पुसली. माझ्या हाताने. सगळ्यांना विचारून आली. म्हटलं, आता कावळ्यांनाच विचारून बघू."

कोटाच्या खिशातून त्यांनी एक कोरी वही काढली, पापडासारखीच अख्खी. पेन्सिल काढली.

"मघाशी म्हणत होतीस ती पहिली. म्हण."

मी पदर तोंडाशी धरला. इतकी वर्षं एकटीने ओरडलेलं मला माणसासमोर पुटपुटता येईना. मास्तरांनी वही-पेन्सिल खाली ठेवली. मग ते उठले. पाठीमागे हात बांधून, झाडाबिडाकडे बघत, मांडवापर्यंत गेले आणि कोपऱ्यावरचं जाळं हळूच बाजूला केलं. परत येऊन बसले, वही मांडीवर उघडली, उजव्या टोकाला पेन्सिल टेकवली आणि आंब्याच्या फांदीकडे बघत म्हणाले,

"येईल आता. मी बसली आहे."